सारे घर नाटकाला

डिसेंबरची २५ तारीख म्हणजे नाताळ. हा येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस. नाशिकच्या शरणपूर भागातील ख्रिस्ती मंडळी त्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थनेला जमतात. शाळेला सुट्टी असते. आपल्याकडे कांद्याच्या लागणीची घाई असते खरी. तरी त्यातून एक दिवस काढावा आणि मुलांना शहरात नाटक दाखवावे, असे आम्ही सांगतो.

इंग्लंडात ही चाल फार जुनी आहे. नाताळात सारे घर मिळून परीकथेचे नाटक पाहायला जाते. त्यात थट्टेखोर म्हातारीचे सोंग पुरुष घेतो. मागून राक्षस आला की मुले ओरडून नटाला सावध करतात. तुम्हाला तमाशातली मावशी आठवली ना? माणूस इथून तिथून सारखाच!

मराठीत मुलांसाठी अशी नाटके थाटामाटाने कोणी सुरू केली? सुधा करमरकर या बाईंनी. अमेरिकेत मुलांची नाटके कशी बसवतात ते त्या शिकून आल्या. १९५९ साली मुंबईत त्यांनी 'लिटल थिएटर' ही संस्था काढली. पहिले नाटक 'मधुमंजिरी'. ते रत्नाकर मतकरी यांनी लिहिले. त्यातली चेटकीण सुधाबाई स्वतः झाल्या. त्याआधी मुलांची नाटके बहुधा शाळेच्या संमेलनात मुलेच करीत. आता कसलेले नट मुलांसाठी तोंडाला रंग लावून उभे राहिले.

मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' हे नाटकही गाजले. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर झाले होते. २०१८ साली ते नाटक नव्याने रंगमंचावर आले, तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. म्हणजे इथेही बाईचे सोंग पुरुषानेच घेतले!

आता आमची एक चूक सांगतो. आम्ही नोकरीत असतानाची गोष्ट. आम्ही मुलाला घेऊन नाशिकला असेच नाटक पाहायला गेलो. मुलीला आणि तिच्या आईला घरीच ठेवले. "पोर लहान आहे, घाबरेल. तिकिटाचे पैसेही वाचतील," असे आम्ही म्हणालो. मुलगा तिच्याहून एकाच वर्षाने मोठा होता! रात्री परत आलो तर पोरगी जागीच. तिने विचारले, "अण्णा, चेटकीण कशी दिसेनाशी झाली?" आम्ही परोपरीने सांगितले. पण सांगितलेले म्हणजे पाहिलेले नव्हे. ती गप्प झाली. ते गप्प होणे आम्हाला फार लागले.

पुढच्या वर्षी चौघे गेलो. चेटकीण येताच मुलीने आईच्या पदरात तोंड लपवले. मग पदराआडून एक डोळा बाहेर आला. मग दोन्ही आले. घरी येईपर्यंत ती बोलत होती. तिची आईही बोलत होती!

ही जादू होते कशी? रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना आडोसे असतात. त्यांना विंग म्हणतात. दिवे एकदम मालवले की क्षणभर आपल्याला काही दिसत नाही. तेवढ्यात नट विंगेत जातो. दिवे लागतात, तर चेटकीण गायब! दिव्यापुढे निळा कागद धरला की रात्र होते, तांबडा धरला की आग पेटते. धूर यंत्रातून सोडतात. रान आणि राजवाडा कापडावर, फळ्यांवर रंगवलेला असतो.

हे कळले म्हणजे मजा जाते का? नाही. पेठ, सुरगाणा भागात बोहाड्याची सोंगे नाचतात. मुखवट्याखाली आपल्याच गावचा माणूस आहे हे ठाऊक असते. तरी संबळ वाजला की अंगावर काटा येतोच. मूल घाबरले तर त्याला रागावू नका. हळूच म्हणा, "अरे, तो रंग लावलेला माणूस आहे."

आता जायचे कसे ते पहा. नाशिकला शालिमारजवळ महाकवी कालिदास कलामंदिर आहे. जुन्या सीबीएस बसस्थानकावरून पायी जाता येते. कोणते नाटक, किती वाजता, हे वर्तमानपत्रात छापून येते. तिकीट खिडकीवर मिळते, हल्ली मोबाईलवरही मिळते. शक्यतो दुपारचा खेळ घ्या. परतीची शेवटची बस किती वाजता, ते आधी विचारा. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो. त्याआधी जागेवर बसा आणि मोबाईल बंद ठेवा.

तिकिटावर रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा आकडा असतो. पूर्वी तुम्ही ते तिकीट दुसऱ्याच्या हाती देऊन विचारले असते, "दादा, आमची जागा कुठं?" आता तसे नको. तुम्ही वाचायला शिकलात. तिकीट स्वतः वाचा आणि पुढे व्हा. घरच्यांना त्यांच्या जागी नेऊन बसवा. मुले तुमच्याकडे पाहत असतील.

आणि तिकिटे काढताना घरातली माणसे नीट मोजा. मुलगी राहिली नाही ना? तिची आई राहिली नाही ना?