लिपीचा निकाल मानक भवनात

भाषेचे राजकारण म्हटले की राजधानीला काही ठरावीक प्रसंग आठवतात. १९६५ च्या जानेवारीत मद्रास राज्यात पेटलेले हिंदीविरोधी आंदोलन, आठव्या अनुसूचीत आपल्या भाषेला स्थान मिळावे म्हणून संसदेत होणारी भाषणे, जंतरमंतरवरील धरणी आणि राजभाषा पंधरवड्यात मंत्रालयांच्या दारावर लागणारे फलक. गेल्या तीन दशकांत मात्र भारतीय भाषांच्या भवितव्यावर दूरगामी परिणाम करणारे अनेक निर्णय घोषणांविना आणि मोर्चांविना झाले. बहादूरशाह जफर मार्गावरील मानक भवनाच्या समित्यांत, लोदी रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स निकेतनाच्या परिपत्रकांत आणि परदेशी संगणक कंपन्यांचा वरचष्मा असलेल्या संस्थांच्या बैठकांत ते घेतले गेले. ज्यांच्या भाषेचा प्रश्न होता ते बहुतेक वेळा तेथे उपस्थितही नव्हते.

मुक्त सॉफ्टवेअर की विकत घेतलेले, हिंदी की इंग्रजी, शुद्ध परिभाषा की रुळलेला इंग्रजी शब्द, हे वाद गेली पंचवीस वर्षे हिरिरीने घातले जात आहेत. त्यांतील आवेश खरा आहे. परंतु त्या आवेशात मूळ प्रश्न हरवतो. नागरिकाला राज्यघटनेने दिलेला भाषेचा हक्क प्रत्यक्षात किती मिळतो, हे आता अक्षरांच्या संकेतप्रणालीवर, कागदपत्रांच्या मानकावर आणि सरकारी निविदेतील एखाद्या कलमावर अवलंबून आहे. हे सारे तांत्रिक नसून राजकीय आहे, ही जाणीव मराठी समाजाला आणि मराठी प्रशासकांना फार उशिरा झाली.

घटनेने आपले काम चोख केले होते. अनुच्छेद २९ ने प्रत्येक समाजाला आपली भाषा आणि लिपी जतन करण्याचा हक्क दिला. अनुच्छेद ३५० त्याहून व्यावहारिक आहे. तक्रारीच्या निवारणासाठी कोणाही व्यक्तीला संघराज्याच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, तेथे वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ६ ही इंग्रजी व हिंदीबरोबरच त्या भागाच्या राजभाषेत अर्ज करण्याची मुभा देते. म्हणजे पुण्यातून केंद्रीय कार्यालयाकडे मराठीत माहिती मागता येते. अर्ज कागदावर होता तोवर या तरतुदींचा अर्थ सरळ होता. शाईला लिपीचे वावडे नसते. अर्ज संगणकावर आला आणि नागरिक व अधिकारी यांच्यामध्ये एक तिसरा पक्ष उभा राहिला. त्या यंत्राला लिपी ठाऊक नसेल तर अनुच्छेद ३५० चा उपयोग कागदापुरताच उरतो.

यंत्राला लिपी शिकवण्याचा प्रयत्न भारताने वेळेवर सुरू केला होता, हे नमूद केले पाहिजे. भारतीय लिपींच्या कळफलकाचे ‘इनस्क्रिप्ट’ हे मानक १९८६ मध्ये आले. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने भारतीय लिपींसाठी मोठे काम केले. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली होती.

घोटाळा झाला तो अंमलबजावणीत. सरकारी कार्यालयांत आणि छापखान्यांत मानकाऐवजी फॉन्टचे राज्य सुरू झाले. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांची जागा वेगळी होती. एका कार्यालयात टंकलेला आदेश दुसऱ्या कार्यालयात उघडला की पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. मग तोच मजकूर पुन्हा टंकून घ्यावा लागे किंवा कागदावर छापून पाठवावा लागे. ज्या कर्मचाऱ्यांनी त्या काळात मंत्रालयांत वा जिल्हा कचेऱ्यांत काम केले, त्यांना हा अनुभव सांगावा लागत नाही. नुकसान केवळ वेळेचे नव्हते. अशा फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर शोधता येत नाही, क्रमाने लावता येत नाही आणि तो फॉन्ट कालबाह्य झाला की वाचताही येत नाही. केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक अधिकृतपणे ठरवले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत सरकारी मराठीचा मोठा साठा खासगी कुलपांत बंद झाला होता.

मराठीची म्हणून खास किंमतही होती. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. एक विद्यादान करतो, दुसरा स्वयंपाक. युनिकोडमध्ये ही खूण उमटवण्यासाठी ‘ऱ’ या वेगळ्या संकेतांकाचा आधार घ्यावा लागतो. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘दऱ्या’ लिहिताना ‘दर्या’ लिहितो आणि डोंगराऐवजी समुद्रात पोहोचतो. ‘ॲ’ या स्वराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर तब्बल सतरा वर्षांनी. तोपर्यंत ‘ॲड्व्होकेट’ लिहिण्यासाठी जोडतोड करावी लागे. महाराष्ट्र शासनाने मराठीची प्रमाण वर्णमाला निश्चित करणारा निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारला. राज्याने आपली वर्णमाला ठरवण्याआधीच जगाने तिचे संकेतांक वाटून टाकले होते, हा क्रम बोलका आहे.

इच्छाशक्ती असली की काय होते याचे उदाहरणही याच इतिहासात आहे. रुपयाच्या चिन्हाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०१० मध्ये मान्यता दिली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या ६.० आवृत्तीत ते दाखल झाले. चलनाच्या खुणेला काही महिने पुरले. कोट्यवधी लोकांच्या स्वराला सतरा वर्षे लागली. फरक तंत्रज्ञानाचा नव्हता. चिन्हामागे केंद्र सरकार उभे होते, स्वरामागे कोणी नव्हते.

सॉफ्टवेअरच्या मालकीचा वादही असाच राजकारणाच्या मध्यभागी येऊन गेला. राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी मे २००३ मध्ये पुण्यातील माहिती तंत्रज्ञान संस्थेतील भाषणात, खुल्या आज्ञावलीचे सॉफ्टवेअर भारतासारख्या देशाच्या हिताचे आहे, असे स्पष्टपणे सांगितले. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांच्याशी झालेल्या चर्चेत या मुद्द्यावर मतभेद झाल्याचेही त्यांनी दडवले नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने पेटंट कायद्यात बदल करणारा वटहुकूम काढला आणि त्यात सॉफ्टवेअरच्या पेटंटला वाट करून देणारी शब्दरचना घातली. सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या डाव्या पक्षांनी औषधांबरोबर याही तरतुदीला हरकत घेतली. मार्च २००५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यातून ती शब्दरचना गळाली. एका ओळीची ही माघार होती. पण लहान संस्था, विद्यार्थी आणि भारतीय भाषांत काम करणारे स्वयंसेवी प्रोग्रामर यांच्या डोक्यावरची टांगती तलवार तिने दूर केली.

दुसरी लढाई मानक भवनात झाली. मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन दस्तऐवजांचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक व्हावा म्हणून पुढे केला होता. मसुदा सहा हजारांहून अधिक पानांचा होता आणि ‘ओडीएफ’ हे खुले मानक २००६ पासूनच अस्तित्वात होते. ब्युरोच्या समितीत देशातील काही बड्या सॉफ्टवेअर कंपन्या आणि ‘नॅसकॉम’ मसुद्याच्या बाजूने, तर शैक्षणिक व सरकारी संस्था विरोधात, अशी फाळणी झाली. २००७ मध्ये भारताने नकारार्थी मत दिले आणि मार्च २००८ मध्ये ते कायम ठेवले. मसुदा तरीही जागतिक पातळीवर मंजूर झाला. भारताने ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएला या देशांप्रमाणे अपील केले, तेही फेटाळले गेले. मात्र वाद वाया गेला नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि त्यात स्वामित्वशुल्क नसलेल्या, शक्यतो एकाच मानकाचा आग्रह धरला. उद्योगजगताचा एक मोठा गट अनेक मानकांच्या बाजूने होता. २०१५ मध्ये सरकारी यंत्रणेत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरणही आले.

येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे तोलून पाहणे आवश्यक आहे. मुक्त सॉफ्टवेअरचे समर्थक म्हणतात की आज्ञावली खुली असेल तर मराठीसाठी हवा तो बदल करायला कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही. हे खरे आहे. ज्या भाषेत बाजारपेठ नाही तिच्याकडे कंपनी पाहत नाही, पण दोन-चार जिद्दी माणसे तिचे काम करू शकतात. विरोधक म्हणतात की फुकट मिळणारी वस्तू सांभाळायला माणसे लागतात आणि सरकारी कार्यालयात बिघाड झाला तर जबाबदार कोण, हे ठाऊक असावे लागते. हेही खरे आहे. २००५ मध्ये केंद्राने तमिळ व हिंदी सॉफ्टवेअरच्या सीडी मोफत वाटल्या. परंतु सीडी वाटणे हा समारंभ असतो, देखभाल हे रोजचे काम असते. मराठी अनुवादाबाबतही हेच झाले. ‘फाइल’ला ‘संचिका’ म्हणावे की ‘फाइल’च, ‘सेव्ह’साठी ‘जतन करा’ की ‘साठवा’, यावर जेवढी शाई खर्च झाली, तेवढे हात प्रत्यक्ष अनुवादाला लागले असते तर मराठी पडदा पाहून पुन्हा इंग्रजीकडे वळणाऱ्यांची संख्या कमी झाली असती. परिभाषेचा वाद निरर्थक नाही. तो वापरणाऱ्याला विचारून सोडवला पाहिजे, एवढेच.

मग संकेतप्रणाली ठरली, फॉन्ट मोफत झाले, देवनागरीतील ‘.भारत’ हे पत्तेनामही २०१४ मध्ये आले. भाषेचा हक्क मिळाला काय? याचे उत्तर २०२० मध्ये मिळाले. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनासंबंधीची मसुदा अधिसूचना केंद्राने केवळ इंग्रजी आणि हिंदीत काढून देशभरातून हरकती मागवल्या. ज्यांच्या शेताशेजारी खाण वा कारखाना येणार, त्यांनी न समजणाऱ्या भाषेतील मसुद्यावर मत द्यायचे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी हा मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व बावीस भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याने हिंदी आणि इंग्रजीपलीकडे बंधन नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. कायद्याच्या अक्षरानुसार तो चुकीचाही नव्हता; १९६३ च्या राजभाषा कायद्याचे कलम ३ अधिसूचनांसाठी या दोनच भाषा सांगते. तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी ऑगस्ट २०२० मध्ये सरकारला हा कायदाच बदलण्याचा विचार करण्यास सुचवले. सूचना नागपूरच्या सरन्यायाधीशांकडून आली. महाराष्ट्राच्या खासदारांनी तिचा पक्षभेद विसरून पाठपुरावा केला, असे मात्र घडले नाही.

या प्रकरणाने एक गोष्ट स्वच्छ केली. ‘संगणकावर मराठी चालत नाही’ ही सबब संपली की ‘कायद्यात मराठी नाही’ ही सबब पुढे येते. म्हणून यंत्र आणि कायदा या दोन आघाड्या वेगळ्या मानता येत नाहीत.

आता तिसरी आघाडी उघडली आहे ती यांत्रिक अनुवादाची. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही अनुवाद प्रणाली सुरू केली, केंद्राने २०२२ मध्ये ‘भाषिणी’ आणली. या प्रणालींमुळे बावीस भाषांतील अनुवाद खर्चिक आहे, हा आक्षेप पुष्कळ दुबळा झाला. पण सर्वोच्च न्यायालयाच्या अनूदित निकालांवर इंग्रजी प्रतच अधिकृत असल्याची सूचना असते. न्यायालयापुरते हे समजण्याजोगे आहे, कारण अनुच्छेद ३४८ तेच सांगतो. हीच रीत अधिसूचना, शिधापत्रिका, भूसंपादनाची नोटीस येथे शिरली तर मराठी नागरिकाला वाचायला मराठी मिळेल आणि बांधील राहावे लागेल इंग्रजीला. यंत्राच्या चुकीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आज विचारला नाही तर त्याचे उत्तरही एखाद्या समितीत परस्पर ठरेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद दिल्लीतील मराठी मंडळींनीही साजरा केला आणि तो योग्यच होता. परंतु अभिजातपणा भाषेच्या भूतकाळाचा गौरव करतो. वर्तमानातील व्यवहार त्याने आपोआप सुरू होत नाही. त्यासाठी करावयाची कामे रूक्ष आहेत: मानक ब्युरोच्या समित्यांवर महाराष्ट्र आणि गोव्याचे जाणकार प्रतिनिधी पाठवणे, प्रत्येक सरकारी संगणक प्रणालीच्या निविदेत भारतीय लिपींतील नोंद, शोध आणि क्रमवारी यांची अट घालणे, जुन्या फॉन्टमधील अभिलेख युनिकोडमध्ये आणण्यासाठी स्वतंत्र तरतूद करणे आणि राजभाषा कायद्यातील दुरुस्तीची मागणी संसदेच्या पटलावर ठेवणे.

यांपैकी बरीच कामे करण्याचे अधिकार मराठी प्रशासकांच्या हाती आहेत. निविदेचा मसुदा त्यांच्या टेबलावरून जातो, परिपत्रकावर त्यांची सही असते. मद्रासच्या रस्त्यावर १९६५ मध्ये जे मागितले गेले ते आज एखाद्या उपसचिवाने टिप्पणीच्या समासात लिहिलेल्या दोन ओळींनी मिळू शकते, किंवा त्या न लिहिल्याने गमावले जाऊ शकते.