भूकंपमापन केंद्राखालची माती

भूकंपाची नोंद वाचण्याआधी पाहा: उपकरण कशावर उभे आहे? १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या प्रशांत किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला. शेकडो किलोमीटर दूरच्या मेक्सिको सिटीत, कठीण जमिनीवरील केंद्रावर कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ३ ते ४ टक्के होते. जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर मात्र सुमारे १७ टक्के. शहर एकच, भूकंपही एकच.

कारण गणिताने पाहू. मातीच्या थराचा नैसर्गिक आवर्तकाल = ४ × जाडी ÷ शिअर तरंगाचा वेग. जाडी ४० मीटर, वेग सेकंदाला ८० मीटर धरा. उत्तर २ सेकंद. तितक्याच आवर्तकालाच्या लाटा आल्या की थर अनुनादाने डोलतो आणि त्याच्याशी जुळणाऱ्या इमारतींना सर्वाधिक धोका असतो.

म्हणून दोन केंद्रांच्या नोंदींची तुलना करण्यापूर्वी वरच्या ३० मीटरमधील सरासरी शिअर तरंगवेग तपासा. नाहीतर मातीचा परिणाम तुम्ही भूकंपाच्या खात्यावर मांडाल.