जोखमीचा हिशेब आपल्या माणसांवरून हवा

दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ या काळात तंजावरच्या गादीवर होते. वैद्यकाचा त्यांना असा ध्यास, की डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं रंगवलेल्या चित्रांसह त्यांनी ठेवली. समोरच्या माणसाची नोंद नीट असेल तरच उपचार नेमके होतात. जनुकांच्या आजच्या हिशेबालाही हेच लागू आहे.

मधुमेह किंवा हृदयविकार सहसा एका जनुकामुळे होत नाही. डीएनएमधले हजारो बारीक फरक आपापला थोडा भार टाकतात. तो मोजण्यासाठी जनुकीय जोखीम गुणांक काढतात. समजा, डीएनएच्या अक्षरमालेत एका जागी बहुतेकांत ‘ए’ अक्षर आहे आणि जोखमीचं अक्षर ‘जी’. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. म्हणजे ‘जी’ शून्य, एक किंवा दोन वेळा सापडेल. त्या जागेचा आजाराशी संबंध किती, हा आकडा मोठ्या अभ्यासांतून मिळतो. दोहोंचा गुणाकार करायचा आणि सगळ्या जागांची बेरीज घ्यायची.

हिशेब सोपा, व्याप मात्र प्रचंड. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत सुमारे ५ लाख लोकांची माहिती आहे आणि प्रत्येकाच्या डीएनएवरच्या लाखो जागा. इथे प्लिंक, पीआरसाइस अशी मोफत सॉफ्टवेअर कामी येतात. त्यांचं खरं कसब निवडीत आहे. डीएनएवरचे शेजारचे फरक पिढ्यानपिढ्या जोडीनं येतात. सगळेच मोजले तर एकच जोखीम अनेकदा धरली जाते. म्हणून अशा घोळक्यातला सर्वांत ठळक संबंधाचा एक ठेवून बाकीचे वगळले जातात.

पण कोणते फरक जोडीनं येतात, हे समाजागणिक बदलतं. २०१९च्या एका आढाव्यानुसार अशा अभ्यासांतले सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. तिथले आकडे आपल्याला लावले की अचूकता घसरते.

पुण्यात याची पारख झाली. केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक आणि एक्झिटर विद्यापीठातले संशोधक यांचा अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय माहितीवर बेतलेला गुणांक भारतीय रुग्णांतही टाइप १ आणि टाइप २ मधुमेह वेगळे ओळखू शकला. धार मात्र थोडी कमी पडली. टाइप १च्या रुग्णाला इन्सुलिनवाचून चालत नाही, त्यामुळे इथे निदान चुकणं जिवावर बेततं.

तंजावरच्या मराठी घराण्यांबाबत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. व्यंकोजी भोसल्यांनी १६७०च्या दशकात तिथे राज्य उभारलं, आणि तेव्हापासून ही मंडळी कावेरीकाठी रुजली. त्यांना पुण्याचा संदर्भ लावायचा की तमिळनाडूचा? घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेवरून हे ठरवता येत नाही. त्यांचेच नमुने तपासावे लागतील. लहान समाजात लग्नं आपापसांत होत राहिली, तर एरवी दुर्मिळ असलेले फरकही वाढू शकतात.

२०२०मध्ये सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पानं ८३ समाजांतल्या सुमारे १० हजार भारतीयांचे जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ही सुरुवात मोलाची आहे. आता लाखोंच्या संख्येनं, संमती घेऊन आणि गोपनीयता राखून, कुणाला पुढे कोणता आजार झाला याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवायला हव्यात. तोवर कुणी जोखमीचा आकडा हाती दिला, तर तो कोणत्या लोकांच्या माहितीवरून काढला, हे जरूर विचारा.