घरपट्टीची तक्रार आणि अधिकाऱ्यांची भेट

घरपट्टीचे बिल वाढून हाती आले की आपल्या पेढ्यांवर पहिला विचार निघतो तो साहेबांना एकदा भेटून येण्याचा. यात गैर काही नाही. वडोदऱ्यात आकारणी आता चटईक्षेत्रावर होते. भाग, इमारतीचे वय, उपयोग, आणि जागा मालकाच्या वापरात आहे की भाडेकरूच्या, यांवरून रक्कम चढते-उतरते. दुकानावरची राहती खोली दुकान म्हणून नोंदली गेली, तर दोष नियमाचा नसून नोंदीचा असतो; आणि तो समक्ष भेटीत जितका लवकर उमगतो तितका वकिलाच्या लांबलचक अर्जाने उमगत नाही. भेटीस जाताना नकाशा, खरेदीखत, विजेचे बिल, जुन्या पावत्या आणि स्वतः घेतलेले माप बरोबर न्यावे. धंदा मंद असल्याची कैफियत मात्र घरीच ठेवावी. ती ऐकून कोणासही क्षेत्रफळ कमी करता येत नाही.

परंतु "बघतो, करून देतो" हा शब्द म्हणजे हुकूम नव्हे. आमच्या मते सभासदांचे खरे नुकसान होते ते येथेच. १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली आकारणीस हरकत असल्यास प्रथम आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि कलम ४०६ प्रमाणे न्यायालयातील अपिलास मुदत अवघी १५ दिवसांची. गोड शब्दावर विसंबून ती उलटली, तर साहेब बदलून जातात, बिल जागच्या जागी राहते. शिवाय अपिलापूर्वी मागणीची रक्कम भरावी लागते. न्यायाधीशांना सूट देता येते ती २५ टक्क्यांपर्यंतच. ही अट जाचक वाटते खरी, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये अनंत मिल्सच्या खटल्यात ती वैध ठरविली. म्हणून तक्रार आधी नोंदवावी, पोच घ्यावी, भेट मग. भेटीत जे ठरेल ते त्याच दिवशी दोन ओळींत लिहून कार्यालयात द्यावे.

"चहापाण्या"विषयीही संकोच सोडून लिहितो. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही सात वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र आहे. सक्तीने द्यावी लागली असता सात दिवसांत तपासयंत्रणेस कळविणाऱ्यास तेवढे संरक्षण आहे. पाकिटाविना काम होत नाही असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पुढे फेरमोजणी निघते तेव्हा पाकीट घेणारा साक्षीस येत नाही.

इंदूर व बेळगाव येथे स्वयंआकारणीची पद्धत आहे. तेथील बंधूंनी अधिकाऱ्यांकडे जाण्यापूर्वी आपणच भरलेला तक्ता एकवार तपासून पाहावा, आणि तक्रारीची मुदत तेथील कायद्याप्रमाणे धरावी.