बिटकॉइनचा नोड सर्वांसाठी खुला ठेवताना

घरच्या राउटरमध्ये ८३३३ क्रमांकाचा पोर्ट उघडला, की जगातला कुठलाही नोड आपल्या बिटकॉइन नोडला येऊन जोडू शकतो. असे खुले नोड हवेतच. नव्या नोडना जुने ब्लॉक यांच्याकडूनच मिळतात. पण त्याच पोर्टवर टेहळणी करणारेही येतात, कोणता व्यवहार कुठल्या आयपी पत्त्यावरून निघाला हे शोधायला.

आयपी पत्ता फुटतो कसा?

ब्लॉकचेनवर आयपी पत्ता कुठेच नोंदलेला नसतो. तो फुटतो व्यवहार पसरताना. टेहळ्या शक्य तितक्या खुल्या नोडना एकाच वेळी जोडून बसतो आणि नवा व्यवहार सगळ्यांत आधी कोणी कळवला ते टिपतो. लक्झेंबर्ग विद्यापीठातील अलेक्स बिर्युकोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच्याही पुढचे दाखवले: राउटरमागे दडलेला नोडसुद्धा तो कोणकोणत्या नोडना जोडलेला आहे यावरून ओळखता येतो.

म्हणूनच बिटकॉइन कोअर हे नोड चालवणारे सॉफ्टवेअर व्यवहार मुद्दाम उशिरा कळवते. आपण होऊन जोडलेल्या नोडना सरासरी २ सेकंदांनी, बाहेरून आलेल्यांना ५ सेकंदांनी. एकाच प्रकारच्या नेटवर्कवरून आलेल्या सगळ्यांना घड्याळही एकच, त्यामुळे पन्नास जोडण्या करून बसणाऱ्याच्या हाती जास्त काही लागत नाही. मला ही युक्ती फार आवडते. मात्र यामुळे माग काढणे अवघड होते, अशक्य नव्हे.

एन्क्रिप्शनची मर्यादा

नोडमधला संवाद वर्षानुवर्षे उघडाच वाहत होता. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तो सहज वाचता येई. कोअरच्या २६.० आवृत्तीत एन्क्रिप्शन आले आणि एप्रिल २०२४ च्या २७.० पासून ते आपोआप चालू असते. पण टेहळ्याच आपल्याला जोडलेला असेल, तर त्याचा उपयोग नाही.

टॉर, आणि त्यातली मेख

संगणकावर टॉर, म्हणजे आयपी पत्ता लपवणारे नेटवर्क, चालू असेल आणि त्याचा ९०५१ हा नियंत्रण पोर्ट कोअरला वापरता आला, तर नोडला आपोआप ओनियन पत्ता, म्हणजे टॉरवरचा पत्ता, मिळतो. राउटरला हात न लावता नोड खुला होतो. मेख अशी, की तोच नोड साध्या आयपीवरूनही खुला असेल, तर दोन्ही पत्ते एकाच यंत्राचे आहेत हे ताडण्याचे मार्ग निघतात. फक्त टॉरवर राहावे, तर तिथे खोटे नोड उभे करणे स्वस्त पडते आणि आपल्याला त्यांनीच घेरण्याचा धोका वाढतो.

मग करावे काय?

जमल्यास दोन नोड ठेवावेत. खुल्या नोडवर वॉलेट नसावे. वॉलेटचा दुसरा नोड छाटलेला चालेल, म्हणजे जुने ब्लॉक न साठवणारा. त्याने बाहेरच्या जोडण्या स्वीकारू नयेत आणि फक्त टॉरवरच्या ओनियन पत्त्यांना जोडून आपले व्यवहार पाठवावेत; घेरले जाण्याचा वरचा धोका मात्र तिथे उरतोच. ८३३२ हा आरपीसी पोर्ट, म्हणजे नोडला आज्ञा देण्याचा पोर्ट, इंटरनेटवर कधीच उघडू नये.

हे झाल्यावर दुसऱ्या नोडच्या खिडकीतली ‘पीअर्स’ यादी उघडा. तिथे प्रत्येक जोडणीचे नेटवर्क आणि दिशा दिसते. बाहेरून आलेली किंवा ओनियन सोडून दुसऱ्या नेटवर्कवरची एकही जोडणी असेल, तर सेटिंग चुकली आहे.