घरच्या संगीत-संगणकाला वीज कोणती द्यावी?

गाणी साठवून ठेवणारा आणि घरातील ध्वनियंत्रणेवर ती वाजविणारा छोटा संगणक, म्हणजे म्युझिक सर्व्हर, आता अनेक घरांतील मुले स्वतःच जुळवितात. रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा बोर्ड किंवा एखादा मिनी पीसी, एक डिस्क आणि साठविलेल्या आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा डॅक, एवढे साहित्य त्यास पुरते. कपाटातील कॅसेटी व सीडी या यंत्रात उतरविल्या जातात. त्यांत बाजारातील गाणी असतात, तशीच लग्नघरात कधी काळी टेपवर घेतलेली आजीची गाणीही असतात. बाजारातील गाणे पुन्हा विकत मिळते. आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही.

या जुळणीत बोर्ड आणि डिस्क निवडण्यात आठवडे जातात, आणि वीजपुरवठ्याचे काम मात्र घरात पडून असलेल्या एखाद्या अ‍ॅडॅप्टरवर भागविले जाते. याउलट काही हौशी मंडळी आवाज सुधारेल या आशेने मूळ यंत्राहूनही महाग पॉवर सप्लाय घेतात. या दोन्ही वाटा टाळता येतात. व्यापारी घरांतील नेहमीची सवयच येथे उपयोगी पडते : आधी गरज मोजावी, मग दर विचारावा.

गरजेचा ताळेबंद

व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. अ‍ॅडॅप्टरचे व्होल्ट यंत्राने मागितलेलेच हवेत. अँपिअर मात्र अधिक असले तरी चालतात, कारण यंत्र हवा तेवढाच प्रवाह ओढते. १२ व्होल्टच्या मिनी पीसीला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडल्यास बोर्ड जळू शकतो. गोल पिनेचीही खात्री करावी. बाहेरून सारख्याच ५.५ मिलिमीटरच्या दिसणाऱ्या पिनांचे आतील छिद्र कधी २.१, तर कधी २.५ मिलिमीटरचे असते.

समजा, बोर्डाला जास्तीत जास्त १५ वॅट, एसएसडीला ३ वॅट आणि यूएसबीवर चालणाऱ्या डॅकला २.५ वॅट लागतात. बेरीज २०.५ वॅट झाली. तिच्यात एक तृतीयांश वाढ धरली, तर सुमारे २७ वॅट होतात. अशा यंत्राला १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा, म्हणजे ३६ वॅटचा अ‍ॅडॅप्टर पुरेसा आहे. मात्र फिरणारी ३.५ इंची हार्ड डिस्क असेल तर तिचा हिशेब निराळा धरावा. सुरू होताना ती काही क्षण १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकते. एकदा फिरू लागली की तिची भूक बरीच कमी होते.

रास्पबेरी पाय ५ साठी ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा, म्हणजे सुमारे २७ वॅटचा अधिकृत अ‍ॅडॅप्टर मिळतो. त्याऐवजी ३ अँपिअरचा जोडल्यास बोर्ड सर्व यूएसबी जोडण्यांना मिळून केवळ ६०० मिलिअँपिअर देतो. मग बोर्ड सुरू राहतो, पण यूएसबीवरची डिस्क मध्येच गळपटते आणि दोष डिस्कला दिला जातो. केबलही तितकीच महत्त्वाची आहे. ०.१ ओहम रोध असलेल्या बारीक केबलमधून ३ अँपिअर वाहिले, तर ०.३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात.

जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करायचा असेल, तर ६०० वॅटचा सप्लाय घेण्याचे कारण नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘८० प्लस’ या मानांकनाची मूळ कसोटी २०, ५० आणि १०० टक्के भारावर होते. ३० वॅट ओढणारे यंत्र ६०० वॅटच्या सप्लायवर अवघा ५ टक्के भार टाकते. तेथे मानांकनाची हमी लागू पडत नाही आणि कार्यक्षमताही उतरते. शिवाय सर्व्हर चोवीस तास चालतो. १० वॅटचे यंत्र वर्षाला सुमारे ८८ युनिट वीज घेते, तर ६० वॅटचे सुमारे ५२६ युनिट.

लिनिअर की एसएमपीएस?

लिनिअर सप्लायमध्ये जड ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचा दाब आधी उतरवितो. पुढे रेक्टिफायर, कपॅसिटर आणि रेग्युलेटर त्याची स्थिर एकदिश वीज करतात. तिच्यात खरखर फार कमी असते, पण जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपाने वाया जातो. ९ व्होल्ट आत घेऊन ५ व्होल्टवर ३ अँपिअर द्यायचे, तर यंत्राला १५ वॅट मिळतात आणि १२ वॅट नुसतीच उष्णता होते. एसएमपीएस हीच वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून रूपांतरित करतो. तो हलका, स्वस्त आणि काटकसरी असतो. मात्र त्याच्या कामातून उच्च वारंवारितेची खरखर निर्माण होते. चांगल्या बनावटीत ती गाळण्याची सोय असते, निकृष्ट बनावटीत तीच वगळून पैसे वाचविलेले असतात.

सर्व्हर डॅकला आकडे पाठवितो, आणि सप्लाय बदलल्याने ते आकडे बदलत नाहीत. त्रास झालाच, तर तो केबलच्या धातूतून डॅक व अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचणाऱ्या खरखरीचा किंवा अर्थिंगच्या दुहेरी वाटेमुळे येणाऱ्या गुणगुणीचा असतो. जोडणी ऑप्टिकल केबलने केलेली असेल, तर हा मार्ग बहुधा बंदच होतो. पुष्कळदा कानाला सर्वांत आधी जाणवतो तो सप्लायचा पंखा. म्हणून पंखा नसलेला सप्लाय निवडणे हीच पहिली आणि खात्रीची सुधारणा ठरते.

महाग लिनिअर सप्लाय घेण्यापूर्वी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. गाणे थांबवून, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवून स्पीकरजवळ कान न्यावा. गुणगुण ऐकू आली, तर छोट्या बोर्डाला थोडा वेळ पुरेशा क्षमतेच्या पॉवर बँकेवर चालवावे. गुणगुण थांबली, तर दोष विजेच्या वाटेत आहे. काहीच फरक पडला नाही, तर कारण बहुधा दुसरीकडे आहे. फरक केवळ गाणे चालू असताना जाणवतो असे वाटत असेल, तर घरातील कोणी न सांगता दहा वेळा सप्लाय निवडावा आणि ऐकणाऱ्याने तो ओळखावा. पाच उत्तरे नाणेफेकीनेही बरोबर येतात; नऊ किंवा दहा नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता मात्र सुमारे १ टक्का असते.

सुरक्षिततेत घासाघीस नको

रात्रंदिवस भिंतीला लागलेली ही वस्तू आहे. संगणकाच्या अ‍ॅडॅप्टरसाठी भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १३२५२ हा मानक क्रमांक व ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर छापलेला असतो. तो ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांक नसलेला अ‍ॅडॅप्टर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. गुणगुण घालविण्यासाठी तीन पिनेच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणे ही तर जिवाशी गाठ आहे. ते काम ऑप्टिकल केबलने करावे. उघड्या बांधणीचा सप्लाय घरी जोडू नये. २३० व्होल्टची बाजू जाणकार इलेक्ट्रिशियनकडे सोपवावी.

वीज गेली तर

आवाजाच्या बारकाव्यांपेक्षा मोठा धोका अचानक जाणाऱ्या विजेचा आहे. गाणे वाजताना सर्व्हर मुख्यतः वाचत असला, तरी गाण्यांची सूची आणि नोंदी तो मधूनमधून लिहितही असतो. नेमक्या त्याच क्षणी वीज गेली, तर मेमरी कार्ड किंवा डिस्कवरील नोंदी बिघडू शकतात. १२ व्होल्टच्या यंत्राला राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस पुरतो. मात्र त्याचे अँपिअर आपल्या बेरजेशी ताडून पाहावेत. घरात इन्व्हर्टर असल्यास त्यावरील बटण यूपीएस स्थितीत ठेवावे, म्हणजे वीज गेल्यावर बदल लवकर होतो. यंत्र नेहमी आज्ञा देऊनच बंद करावे, हे घरातील प्रत्येकाला शिकवावे.

तरीही यूपीएस म्हणजे दुसरी प्रत नव्हे. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे ध्वनिमुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. गुणवत्ता न गमावता आकार घटविणाऱ्या फ्लॅक स्वरूपात ते बहुधा याच्या जवळपास निम्म्यात बसते. साठ मिनिटांच्या १०० कॅसेटी न घटविताही सुमारे ६४ गिगाबाइटमध्ये मावतात. म्हणजे घरातील सारा ठेवा एका साध्या डिस्कवर बसतो, आणि ती डिस्क दुसऱ्या शहरातील भावाकडे किंवा बहिणीकडे ठेवता येते.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा : आधी नोंदणीकृत, पुरेशा वॅटचा, बिनपंख्याचा सप्लाय आणि जाड केबल; मग यूपीएस; मग दुसरी प्रत. एवढे झाल्यावर पैसे उरले आणि परीक्षेत फरक खरोखर ऐकू आला, तरच लिनिअर सप्लायचा विचार करावा.