बेलफास्टचा पाहुणा, सुरतेचा पाहुणा

सुरतेच्या ख्रिस्ती मंडळीला परदेशी पाहुण्यांची सवय दोनशे वर्षांची आहे. १८१५ मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने इथे काम सुरू केले. जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी यांनी बायबल गुजरातीत आणून सुरतेतच छापले. १८४० मध्ये आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची पहिली जनरल असेंब्ली बेलफास्टला भरली, आणि तिने जेम्स ग्लासगो व अलेक्झांडर कर यांना हिंदुस्थानात धाडायचे ठरवले. त्यांनी काठियावाडात जावे, हा आग्रह मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांचा. विल्सन कॉलेजचे तेच विल्सन. राजकोटला सुरू झालेले आयरिश काम त्याच दशकात सुरतेला पोहोचले.

उलट दिशेचा प्रवास मात्र विरळ होता. १८४३ मध्ये विल्सन मायदेशी निघाले तेव्हा धनजीभाई नवरोजी हे पारशी तरुण त्यांच्यासोबत स्कॉटलंडला गेले आणि शिकून पाळक होऊन परतले. पण बहुतेक काळ येणारे ते आणि आदरातिथ्य करणारे आपण, अशीच वाटणी राहिली. पैसा तिकडचा आणि निर्णयही तिकडचेच.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि हे नाते बदलले. सुरतेची आयरिश परंपरेची मंडळी गुजरात धर्मप्रांतात आली. कारभार इथल्या बिशपांकडे, पाळकांकडे आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे गेला. म्हणूनच आज सुरत आणि बेलफास्टच्या मंडळ्यांच्या एकमेकींकडच्या भेटी बरोबरीच्या नात्याने व्हायला हव्यात.

त्यासाठी आधी नियम समजून घ्यावेत. परदेशी पाहुणा पर्यटक व्हिसावर आला, तर रविवारच्या उपासनेला तो बसू शकतो. प्रवचन देऊ शकत नाही, धर्मप्रसाराची पत्रकेही वाटू शकत नाही. त्याला मायेने व्यासपीठावर बोलावणे म्हणजे त्यालाच अडचणीत टाकणे. देणगीचेही तसेच. संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते. पाहुण्याने खिशातून पाकीट काढून पाळकसाहेबांच्या हाती ठेवणे दोघांनाही महागात पडेल.

सुरतेहून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयर्लंडची प्रेस्बिटेरियन मंडळी एकच, पण तिचा पसारा दोन देशांत आहे. बेलफास्ट ब्रिटनच्या राज्यात येते, डब्लिन स्वतंत्र आयर्लंडमध्ये. दोन्हीकडे जायचे असेल तर आपल्या व्हिसावर ती मुभा आहे का, हे निघण्यापूर्वीच पाहावे.

तिथे गेल्यावर काय करायचे? निव्वळ आभार मानून परतू नये. उत्तर आयर्लंडने प्रोटेस्टंट आणि कॅथलिक समाजांतील तीस वर्षांची हिंसा भोगली. १९९८ च्या करारानंतर ती बरीचशी थांबली. शेजाऱ्यांत वैर असताना मंडळ्या काय करत होत्या, कुठे गप्प राहिल्या, हे आपण विचारले पाहिजे. त्यांनीही आपल्याला विचारावे, की मोजक्या संख्येने राहणारा समाज सण, शाळा आणि शेजार कसा सांभाळतो. सुरत हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. लिंबायत-उधन्यात खानदेशातून आलेली मराठी घरे आहेत, ओडिशा-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. परक्या गावी आलेल्या माणसाला आपलेसे कसे करायचे, हा अनुभव या शहराच्या गाठीशी आहे, आणि स्थलांतरावरून वाद घालणाऱ्या आजच्या युरोपला तो ऐकवण्यासारखा आहे.

म्हणून दरवेळी पाळक आणि पदाधिकारीच का जावेत? रविवारशाळा चालवणारी शिक्षिका, रुग्णालयातली परिचारिका, गायनसंघातला तरुण यांनाही पाठवावे. त्यांनी काही दिवस तिथल्या कुटुंबात राहावे आणि परतल्यावर काय पाहिले, काय पटले, काय पटले नाही, हे मंडळीपुढे मोकळेपणाने सांगावे. पुढच्या वर्षी तिकडून येणाऱ्यांनीही तेच करावे. दोन मंडळ्या एकमेकींना न पटलेलेही सांगू शकल्या, तरच भागीदारी खरी.